फ्लॉपी नसलेल्या सर्व्हरमधील फ्लॉपी ड्रायव्हर : स्थानिक सेवा-बंद त्रुटी शोधण्याची आणि बुजवण्याची पद्धत

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानाचा हिशेब ज्या लिनक्स सर्व्हरवर चालत असे, त्याच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) दर काही तासांनी ‘आय/ओ एरर, डेव्ह एफडी०, सेक्टर ०’ अशी ओळ उमटत होती. दिवाणजींनी ती मला दाखवली तेव्हा मी ‘आय/ओ एरर’ एवढेच वाचले आणि डिस्क जाण्याच्या बेतात आहे असे सांगून मोकळा झालो. नवी डिस्क आली, रात्र घालवून सगळा डेटा तिच्यावर हलवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीचे सौदे सुरू होण्याआधीच तीच ओळ पुन्हा लॉगमध्ये हजर होती. मग कुठे मी ‘एफडी०’ ही अक्षरे नीट वाचली. डिस्कचे नाव ‘एसडीए’ किंवा ‘व्हीडीए’ असते. एफडी० म्हणजे पहिला फ्लॉपी ड्राइव्ह. तो सर्व्हर आभासी यंत्रावर, म्हणजे दुसऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या यंत्रावर, चालणारा होता आणि त्याला फ्लॉपी जन्मापासून कधी लागलेली नव्हती.

ती ओळ स्वतः निरुपद्रवी असते. फ्लॉपी आहे असे समजून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वाचायला जातो, तेथे काही सापडत नाही आणि तो तक्रार नोंदवतो, एवढाच तिचा अर्थ. मात्र त्या ओळीवरून दुसरी एक गोष्ट निश्चित कळते, ती अशी की फ्लॉपीचा ड्रायव्हर, म्हणजे ते साधन हाताळणारा प्रोग्राम, कर्नलमध्ये भरलेला आहे आणि चालू आहे. या ड्रायव्हरमध्ये २०१९ साली सापडलेली एक त्रुटी हाताशी धरून, तिच्या निमित्ताने साठवणुकीच्या ड्रायव्हरमधील स्थानिक सेवा-बंद त्रुटी, म्हणजे यंत्रावर खाते असलेल्याला ते यंत्र बंद पाडू देणारी चूक, कशी तपासावी, कशी दुरुस्त करावी आणि दुरुस्ती खरोखर लागू झाली हे कसे पाहावे, याची पद्धत येथे क्रमाने मांडली आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची आहेत.

त्रुटी नेमकी काय आहे

सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१९-१४२८४ या क्रमांकाने ती नोंदवलेली आहे. लिनक्स कर्नलच्या ५.२.३ या आवृत्तीत, म्हणजे जुलै २०१९ च्या अखेरीस, तिची दुरुस्ती आली. मुळाशी असलेली चूक शाळेतल्या गणिताची आहे : शून्याने भागाकार.

नेहमीच्या १.४४ एमबी फ्लॉपीच्या प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर असतात, प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा असतो, ट्रॅक ८० आणि बाजू २ असतात. सेक्टरचा आकार ड्रायव्हर थेट बाइटमध्ये न लिहिता एका सांकेतिक अंकाने लिहितो. ५१२ बाइटसाठी तो अंक २ आहे. फ्लॉपी फॉरमॅट करताना एका ट्रॅकवर किती सेक्टर बसतील हे काढण्यासाठी ड्रायव्हर सेक्टरांच्या संख्येला ४ ने गुणतो आणि मग सांकेतिक अंक जितका असेल तितक्या वेळा त्या गुणाकाराची निम्मी करत जातो. १८ चोक ७२, त्याची दोनदा निम्मी केली की पुन्हा १८, म्हणजे हिशेब जुळला. परंतु फ्लॉपीची ही मापे वापरकर्त्याला बदलून देता येतात, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या चित्रविचित्र फ्लॉप्या वाचता याव्यात म्हणून तशी सोय मुद्दाम ठेवलेली होती. कोणी सेक्टर १८ च ठेवून सांकेतिक अंक ७ दिला, तर ७२ ला १२८ ने भागायची वेळ येते आणि पूर्णांकांच्या गणितात त्याचे उत्तर शून्य येते. पुढच्याच पायरीला ड्रायव्हर या शून्याने भागून बाकी काढू पाहतो, प्रोसेसर ‘डिव्हाइड एरर’ म्हणून हात वर करतो आणि हे सगळे कर्नलच्या आत घडत असल्यामुळे सावरून घेणारे वर कोणी नसते.

यासाठी दोनच विनंत्या लागतात, एक मापे बदलण्याची आणि दुसरी फॉरमॅट करण्याची. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घातलेली नसली तरी चालते. म्हणूनच फ्लॉपी नसलेल्या आभासी यंत्रालाही ही त्रुटी लागू पडते. क्वेमू हा आभासी यंत्रे चालवणारा प्रोग्राम फ्लॉपीचे साधन आपणहून निर्माण करतो, असा इशारा त्रुटीच्या मूळ नोंदीतच दिलेला आहे. दुरुस्तीही तितकीच छोटी आहे : मापे स्वीकारतानाच हा हिशेब आधी करून पाहायचा आणि उत्तर शून्य येत असेल तर विनंती परत पाठवायची.

‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ

त्रुटींना गुण देण्याच्या सीव्हीएसएस पद्धतीच्या ३.१ आवृत्तीत या जातीच्या त्रुटीला, म्हणजे हल्ला स्थानिक, साधे खाते पुरेसे, माहिती फुटत नाही, माहितीत फेरफार होत नाही, फक्त यंत्र बंद पडते, अशा त्रुटीला ५.५ गुण मिळतात आणि तिची वर्गवारी ‘मध्यम’ अशी होते. ‘मध्यम’ आणि त्यातही ‘स्थानिक’ हे शब्द एकत्र वाचले की बहुतेक जण पान उलटतात. माझ्या मते तेथेच गफलत होते.

स्थानिक म्हणजे यंत्रासमोर खुर्ची टाकून बसलेला माणूस नव्हे. ज्याला त्या यंत्रावर खाते आहे आणि आज्ञा चालवता येते तो स्थानिक, मग तो विश्रामबागेतल्या घरातून एसएसएचने (दुरून जोडणी करून) आत आलेला असो किंवा मिरजेतून. अडत दुकानाच्या सर्व्हरवर दोनच खाती असतील आणि दोन्ही घरचीच असतील, तर ५.५ हा आकडाही जास्तच म्हणावा लागेल. पण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील ज्या सर्व्हरवर साठ विद्यार्थी सी भाषेची प्रात्यक्षिके करतात आणि स्वतः लिहिलेले प्रोग्राम चालवतात, तेथे हल्लेखोर होण्यासाठी लागणारी पात्रता प्रवेश अर्जाबरोबरच मिळालेली असते. एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांची संकेतस्थळे ठेवणाऱ्यांचेही तसेच आहे. शिवाय एखाद्या संकेतस्थळातील चुकीमुळे बाहेरच्या माणसाला आत साधी आज्ञा चालवता येऊ लागली, तर तोही त्या क्षणापासून स्थानिक होतो. तेव्हा कामाला लागण्यापूर्वी कागदावर पहिली ओळ अशी लिहावी : या यंत्रावर आज्ञा कोण कोण चालवू शकते.

पहिली पायरी : ड्रायव्हर भरलेला आहे का

‘एलएसमॉड’ ही आज्ञा द्यावी आणि तिच्या यादीत ‘फ्लॉपी’ हे नाव शोधावे. नाव सापडले तर ड्रायव्हर चालू आहे. न सापडल्यास लगेच निश्चिंत होऊ नये, कारण काही कर्नलांमध्ये ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूलच्या (हवा तेव्हा भरता-काढता येणाऱ्या तुकड्याच्या) रूपात नसून गाभ्यातच बांधलेला असतो आणि तो या यादीत येत नाही. त्यासाठी ‘लिब/मॉड्यूल्स’ खाली चालू कर्नलच्या नावाची जी निर्देशिका असते तिच्यातील ‘मॉड्यूल्स.बिल्टइन’ ही फाइल पाहावी. त्यात फ्लॉपीची ओळ असली तर पुढे सांगितलेला मॉड्यूल रोखण्याचा उपाय तेथे चालणार नाही आणि साधनच काढून टाकावे लागेल.

यानंतर ‘एलएस -एल /डेव्ह/एफडी०’ ही आज्ञा देऊन साधनाची फाइल आहे का आणि ती कोणत्या गटाच्या मालकीची आहे हे पाहावे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. त्याच निर्देशिकेत अंक नसलेले नुसते ‘एफडी’ नावही दिसते. त्याचा फ्लॉपीशी काहीही संबंध नाही. ते चालू प्रक्रियेने उघडलेल्या फाइलींकडे नेणारा दुवा आहे आणि तो उडवला तर भलत्याच गोष्टी बिघडतात.

दुसरी पायरी : साधनापर्यंत कोणाचा हात पोहोचतो

ड्रायव्हरमध्ये चूक असली तरी साधनाची फाइल उघडण्याचा अधिकार ज्याला नाही त्याला ती वापरता येत नाही. त्यामुळे फाइलीची मालकी आणि गटांची सदस्ययादी ही दोन्ही तपासावी लागतात. एफडी० ची फाइल बहुधा ‘डिस्क’ किंवा ‘फ्लॉपी’ या गटाच्या नावे असते. ‘गेटएंट ग्रुप फ्लॉपी’ आणि ‘गेटएंट ग्रुप डिस्क’ या आज्ञांनी त्या गटांत कोण आहे ते कळते.

डेबियन हा लिनक्सचा प्रकार वापरणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. डेबियन बसवताना जे पहिले खाते तयार होते ते सीडी, ध्वनी इत्यादी गटांबरोबर फ्लॉपीच्या गटातही आपोआप घातले जाते. लहान कार्यालयांत या पहिल्याच खात्याचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहिलेलाही मी पाहिला आहे. अशा खात्याला ‘जीपासवर्ड -डी’ या आज्ञेने, म्हणजे टंकताना ‘जी’ आणि पुढे ‘पासवर्ड’ चे लिनक्समधील आखूड रूप वापरून, खात्याचे आणि गटाचे नाव देऊन फ्लॉपी गटातून बाहेर काढावे. बदल झाला तरी आधीपासून आत असलेल्या सत्रांना जुना गट चिकटलेलाच राहतो. त्या व्यक्तीला बाहेर पडून पुन्हा आत यायला सांगावे.

‘डिस्क’ गटात कोणी सामान्य माणूस सापडला, तर मात्र फ्लॉपीचा विषय बाजूला ठेवून आधी त्याला काढावे. त्या गटातील व्यक्ती संपूर्ण डिस्क कच्च्या रूपात वाचू आणि लिहू शकते, आणि त्यापुढे शून्याने भागाकार ही फारच किरकोळ गोष्ट आहे.

तिसरी पायरी : बिघाड डिस्कचा की ड्रायव्हरचा

यंत्र बंद पडण्याचे प्रकार घडत असतील तर कारण ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण माझ्यासारखी डिस्क बदलण्याची घाई महागात पडते. मागील वेळच्या चालू सत्रातील कर्नलच्या नोंदी ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ या आज्ञेने पाहता येतात; पण त्या डिस्कवर टिकवून ठेवलेल्या असल्या तरच. ‘व्हार/लॉग’ खाली ‘जर्नल’ नावाची निर्देशिका नसेल तर नोंदी केवळ मेमरीत राहतात आणि यंत्र बंद होताच पुसल्या जातात. ती निर्देशिका आजच तयार करून ठेवावी.

नोंदींत ‘डिव्हाइड एरर’ हे शब्द, त्याखाली फंक्शनांची उतरंड आणि त्या उतरंडीत ‘सेटअप_फॉरमॅट_पॅराम्स’ हे नाव एकत्र दिसले तर ती हीच त्रुटी होय, आणि ती आपोआप उद्भवलेली नाही, कोणीतरी फॉरमॅटची विनंती मुद्दाम पाठवलेली आहे. याउलट एफडी० ऐवजी एसडीए सारखे नाव, वेगवेगळे सेक्टर क्रमांक आणि ‘मीडियम एरर’ असे शब्द असतील तर प्रश्न खरोखरच्या डिस्कचा आहे. तिथे ‘स्मार्टसीटीएल -ए’ चालवून तीन ओळी पाहाव्यात : ५ क्रमांकाची, म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७, म्हणजे वाचता न येऊन ताटकळत असलेले सेक्टर, आणि १९९, म्हणजे वाहतुकीतल्या चुका. पहिल्या दोन्ही वाढत असतील तर डिस्क जात आहे. केवळ १९९ वाढत असेल तर दहा जागी नऊ वेळा केबल सैल असते, आणि ती बदलायला डिस्कइतके पैसे लागत नाहीत.

आयत्या वेळी यंत्र पूर्ण थिजते की लंगडत चालू राहते, हे ‘कर्नल.पॅनिक_ऑन_ऊप्स’ या मूल्यावर ठरते. ते ० असेल तर कर्नल चुकीची नोंद करतो, ते काम करणारा धागा मरतो आणि बाकी यंत्र चालू राहते, फक्त फ्लॉपीकडे जाणारे काम अडकू शकते. ते १ असेल तर सगळे यंत्र थांबते. लिनक्सच्या रेड हॅट घराण्यात ते बहुधा १ असते, डेबियन आणि उबुंटूमध्ये ०. म्हणजे एकाच चुकीचा एका कार्यालयात कोणाला पत्ताही लागत नाही आणि दुसऱ्या कार्यालयात पावत्या फाडणे थांबते. ‘सिसीटीएल’ या आज्ञेने आपल्याकडचे मूल्य पाहून घ्यावे. त्याच्याच जोडीला ‘कर्नल.पॅनिक’ हे दुसरे मूल्य असते. ते ० असल्यास थांबलेले यंत्र कोणी बटण दाबेपर्यंत तसेच उभे राहते, १० केल्यास दहा सेकंदांनी आपणहून पुन्हा सुरू होते. रविवारी दुकान बंद असताना हा फरक जाणवतो.

चौथी पायरी : दुरुस्ती आपल्याकडे आली आहे का

येथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. ‘यूनेम -आर’ या आज्ञेने चालू कर्नलचा क्रमांक कळतो आणि तो ५.२.३ हून कमी दिसला की माणूस घाबरतो. तेवढे पाहणे अपुरे आहे. उबुंटू, डेबियन, रेड हॅट ही मंडळी जुन्या आवृत्तीचा मूळ क्रमांक तसाच ठेवून त्यात नव्या दुरुस्त्या मागे आणून घालतात. त्यामुळे ४.१५ ने सुरू होणारा कर्नलही पूर्ण दुरुस्त असू शकतो. खात्री करायची तर पॅकेजच्या बदलनोंदी वाचाव्यात : रेड हॅट घराण्यात ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग कर्नल’ आणि उबुंटूमध्ये ‘एप्ट चेंजलॉग’ च्या पुढे कर्नल पॅकेजचे नाव. त्या मजकुरात १४२८४ हा आकडा शोधावा. तो आढळला तर दुरुस्ती बसवलेल्या पॅकेजमध्ये आहे.

बसवलेल्या पॅकेजमध्ये आहे, एवढेच. चालू कर्नलमध्ये आहे असे त्यावरून ठरत नाही. कर्नल नव्याने बसवला तरी यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत मेमरीत जुनाच चालू असतो, आणि सव्वाशे-दीडशे दिवस न थांबलेला सर्व्हर ही ज्यांना अभिमानाची गोष्ट वाटते त्यांच्याकडे हमखास तसे सापडते. बसवलेल्या कर्नलांची यादी ‘डीपीकेजी -एल’ किंवा ‘आरपीएम -क्यू कर्नल’ ने काढून यूनेमच्या उत्तराशी ताडून पाहावी. उबुंटूमध्ये ‘व्हार/रन’ खाली ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल दिसली तर पुन्हा सुरू करणे बाकी आहे असे समजावे. रेड हॅट घराण्यात ‘नीड्स-रीस्टार्टिंग -आर’ ही आज्ञा तेच सांगते.

सांगलीच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. ही दुरुस्ती आली ती जुलैच्या अखेरीस, आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत गावभागातल्या कोणाला कर्नलची आठवण होणार होती? यंत्रे उचलून माडीवर नेणे हेच काम होते. पाणी ओसरल्यावर मिळेल त्या यंत्रावर जुन्या बॅकअपमधून घाईघाईने उभे केलेले आभासी सर्व्हर पुढे कित्येक महिने तसेच चालू राहिलेले मी पाहिले आहेत. ज्यांच्याकडचा सर्व्हर त्या काळात पुन्हा उभारला गेला होता, त्यांनी ही पायरी वगळू नये.

पाचवी पायरी : कर्नल अद्ययावत करणे

आधी बॅकअप घ्यावा, आणि तो उघडून एखादी फाइल खरेच वाचता येते का ते पाहावे. आभासी यंत्र असेल तर त्याची स्थिती जतन करून ठेवावी. वेळ अशी निवडावी की सौदे आणि पावत्यांचे काम संपलेले असेल आणि वीज जाण्याची शक्यता कमी असेल. यूपीएसची बॅटरी किती वेळ टिकते हे त्या दिवशी नव्हे तर आदल्या दिवशी तपासावे, कारण कर्नल लिहिला जात असताना वीज गेली तर जो घोटाळा होतो तो या त्रुटीपेक्षा मोठा असतो.

उबुंटू आणि डेबियनवर ‘एप्ट अपडेट’ आणि मग ‘एप्ट अपग्रेड’ चालवावे. जुन्या सवयीने ‘एप्ट-गेट अपग्रेड’ चालवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ती आज्ञा नवी पॅकेजे बसवत नाही. नवा कर्नल हे बहुधा नवे पॅकेज असते, त्यामुळे तो ‘केप्ट बॅक’ या यादीत पडून राहतो आणि पडद्यावर सगळे नीट झाल्यासारखे दिसते. रेड हॅट घराण्यात ‘यम अपडेट कर्नल’ किंवा नव्या आवृत्त्यांत ‘डीएनएफ’ पुरते. जुना कर्नल काढून टाकू नये; नव्याने एखादे जुने नेटवर्क कार्ड चालेनासे झाले तर सुरुवातीच्या ग्रब सूचीतून जुना निवडून यंत्र उभे करता आले पाहिजे. त्यानंतर यंत्र पुन्हा सुरू करावे आणि यूनेम पुन्हा पाहावे.

सहावी पायरी : ड्रायव्हर कायमचा बाहेर

कर्नल अद्ययावत केल्यावर हे प्रकरण मिटले असे म्हणता आले असते, पण या ड्रायव्हरचा इतिहास तसे म्हणू देत नाही. २०१९ सालीच याच फाइलीत मापांच्या दुसऱ्या एका अपुऱ्या तपासणीतून सीव्हीई-२०१९-१४२८३ ही मर्यादेबाहेर वाचण्याची त्रुटी निघाली. २०२० मध्ये सीव्हीई-२०२०-९३८३ आली. २०२२ मध्ये, कर्नल ५.१७.६ पूर्वीच्या आवृत्त्यांना लागू असलेली, मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरण्याची सीव्हीई-२०२२-३३९८१ आली आणि तीही यंत्र बंद पाडणारीच होती. खुद्द लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी जुलै २०१९ मध्ये हा ड्रायव्हर ‘अनाथ’ म्हणून नोंदवला, कारण चालू स्थितीतील खरा फ्लॉपी ड्राइव्ह सांभाळणाऱ्यांकडेच उरला नव्हता. तो ठेवला गेला तो मुख्यतः आभासी यंत्रांसाठी. जी वस्तू घरात कोणी वापरत नाही तिचे कुलूप दर वर्षी दुरुस्त करत बसण्यापेक्षा तो दरवाजा चिणून टाकावा, असे मला वाटते.

प्रथम ‘मॉडप्रोब -आर फ्लॉपी’ या आज्ञेने तो चालू कर्नलमधून काढावा. यंत्र पुन्हा सुरू करणे शक्य नसलेल्या दिवशी हाच तात्पुरता उपायही आहे. मग ‘ईटीसी’ खालील ‘मॉडप्रोब.डी’ या निर्देशिकेत ‘कॉन्फ’ शेपटीची एक फाइल तयार करून तिच्यात दोन ओळी लिहाव्यात. पहिली ‘ब्लॅकलिस्ट फ्लॉपी’. दुसरी ‘इन्स्टॉल फ्लॉपी /बिन/फॉल्स’. पहिली पुरेशी आहे असे समजून बहुतेक जण तेथेच थांबतात, पण ती फक्त साधन सापडल्यावर आपोआप होणारी भरणी रोखते. नाव घेऊन कोणी मॉडप्रोब चालवले तर ड्रायव्हर तरीही आत येतो. दुसरी ओळ भरण्याच्या प्रयत्नाऐवजी नुसते अपयश परत करणारा प्रोग्राम चालवते, त्यामुळे तो मार्गही बंद होतो.

यंत्र सुरू होताना सर्वांत आधी वापरली जाणारी छोटी प्रतिमाही नव्याने बांधावी लागते, नाहीतर ड्रायव्हर या दोन ओळी वाचल्या जाण्यापूर्वीच आत शिरू शकतो. डेबियन आणि उबुंटूवर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’, रेड हॅट घराण्यात ‘ड्रॅकट -एफ’.

आभासी यंत्र असेल तर त्याच्या रचनेतून फ्लॉपीचे साधन काढून टाकावे आणि यंत्र पूर्ण बंद करून, केवळ आतून पुन्हा सुरू न करता, नव्याने चालू करावे. आभासी यंत्र ज्याच्यावर चालते त्या यजमान यंत्राकडेही लक्ष हवे. मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ या नावाने गाजलेली सीव्हीई-२०१५-३४५६ ही त्रुटी पाहुण्या, म्हणजे आभासी, यंत्रातील ड्रायव्हरमध्ये नव्हती, ती क्वेमूच्या आभासी फ्लॉपी नियंत्रकात होती. तेथे धोका यंत्र बंद पडण्याहून मोठा होता, कारण पाहुण्यातून यजमानात शिरण्याची वाट त्यातून मिळू शकत होती. म्हणून क्वेमूचे पॅकेजही अद्ययावत असावे.

सातवी पायरी : खातरजमा

यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ‘मॉडप्रोब -एन -व्ही फ्लॉपी’ ही आज्ञा द्यावी. ती काही भरत नाही, भरायला सांगितले तर काय होईल एवढे दाखवते. उत्तरात ‘/बिन/फॉल्स’ दिसले पाहिजे. एलएसमॉडच्या यादीत फ्लॉपी नसावी आणि ‘/डेव्ह/एफडी०’ ही फाइल नाही असे उत्तर यावे. दोन-तीन दिवसांनी लॉगमध्ये एफडी० शोधावे.

त्रुटीचा प्रत्यक्ष प्रयोग करून पाहण्याचा मोह, विशेषतः विद्यार्थ्यांना, होतो. तो करायचाच असेल तर आपल्या स्वतःच्या लॅपटॉपवरील, नेटवर्कपासून तोडलेल्या टाकाऊ आभासी यंत्रावर करावा. दुसऱ्याच्या किंवा संस्थेच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय तसे केल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकाच्या कामात व्यत्यय आणणे आणि अधिकृत व्यक्तीला त्याचा वापर नाकारणे हे दोन्ही येते, आणि ते अप्रामाणिकपणे केलेले असल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या बाजूनेही एक बंधन आहे : सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा बंद पाडण्याच्या हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. तिसऱ्या पायरीतील जर्नलची निर्देशिका तेथेही उपयोगी पडते.

विंडोज असेल तर

फ्लॉपीची ही विशिष्ट त्रुटी विंडोजला लागू नाही, पण साठवणुकीच्या ड्रायव्हरमुळे यंत्र बंद पडण्याचा संशय असल्यास इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तीन क्रमांक पाहावेत. ४१ म्हणजे यंत्र नीट बंद न होता थांबले, आणि हे वीज गेल्यानेही होते. १००१ म्हणजे निळा पडदा येऊन त्याची नोंद झाली. १२९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर न दिल्यामुळे तिला पुन्हा सुरू करावे लागले. ४१ एकटा असेल तर आधी वायरमनला बोलवावे. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. रोजच्या कामाची खाती प्रशासकाच्या अधिकाराची नसावीत, एवढे पाळले तरी स्थानिक त्रुटींचा बराच भाग निकालात निघतो.

राहता राहिली जुन्या फ्लॉप्यांची शंका. पंचवीस वर्षांपूर्वीच्या ताळेबंदांच्या फ्लॉप्या कपाटात आहेत, ड्रायव्हर काढला तर त्या कशा वाचायच्या, असे दिवाणजींनी मला विचारले होते. आज बाजारात मिळणारा फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीचा असतो आणि तो हा ड्रायव्हर वापरतच नाही. पेनड्राइव्हसारखाच यूएसबी साठवणुकीच्या ड्रायव्हरमार्फत जोडला जातो आणि एसडीबी किंवा तत्सम नावाने दिसतो. वरील सर्व बंदोबस्त केल्यावरही त्या फ्लॉप्या तशाच वाचता येतात, अर्थात बुरशीने त्यांच्यावर काही शिल्लक ठेवले असेल तर.